बिनसुईचं रक्त

मापसाहेबांची बढती अडली ती चमचाभर रक्तापायी. वरचे खूश होते, खालचे वचकून होते, जागा रिकामी होती आणि त्या जागेवरची खुर्चीसुद्धा नवी होती. फक्त वैद्यकीय दाखला जोडायचा राहिला होता. दाखल्यासाठी रक्त तपासायला हवं होतं. आता रक्त हे शरीराच्या आत असतं, आणि ते बाहेर आणायचा जो मार्ग विज्ञानाने शोधून ठेवला आहे त्याला टोक असतं.

मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. हे नाव त्यांना बाजारपेठेने दिलं होतं. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की शेवटच्या दुकानापर्यंतचे तराजू आपोआप खरं बोलू लागत. एका पेट्रोल पंपवाल्याला त्यांनी पेलाभर तेलासाठी कोर्टात उभं केलं होतं. असा माणूस सुईला घाबरतो हे त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बायकोलाही ‘भीती’ हा शब्द वापरायची मुभा नव्हती. ‘मला भीती वाटत नाही, मला ते पटत नाही,’ असं ते म्हणत. एकदा पायात खिळा गेला तेव्हा इंजेक्शन चुकवायचं म्हणून त्यांनी खिळ्याचा घरात पत्ताच लागू दिला नव्हता. नवी चप्पल चावते म्हणून लंगडतोय असं सांगितलं, आणि खरं वाटावं म्हणून ती बिचारी चप्पल दुकानदाराला परत केली. वर सदोष माल विकल्याबद्दल त्याला समजही दिली.

बढतीचं पत्र आल्याची बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त झाले तरी दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय न सुटलेले पोस्टमास्तर, पत्र हातात घेऊन खुर्चीत बसले.

“रक्त ना? त्यात काय एवढं!” ते म्हणाले. त्यांना मधुमेह होता. “मी सारखा देतो. हे बघा, बोटांची चाळणी झालीय.”

त्यांनी बोटं पुढे केली. मापसाहेबांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं केलं.

“भरपूर पाणी प्या,” समोरच्या घरातल्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. “शीर फुगते. नाहीतर सापडतच नाही. माझ्या वहिनींना तर इकडून टोचलं, तिकडून टोचलं, शेवटी पायाला...”

“मला वेळ मिळत नाहीये, नाहीतर आजच जाऊन आलो असतो,” मापसाहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी पंख्याच्या नावावर टाकला. “हा पंखा बघा, नुसता फिरतो.”

अशा रीतीने वेळ न मिळता बरेच दिवस गेले. कार्यालयातून दाखल्याची आठवण करून देणारं एक स्मरणपत्र आलं, मग दुसरं आलं. तिसऱ्यात ‘अन्यथा’ हा शब्द होता. सरकारी माणसाला ‘अन्यथा’चा अर्थ सांगावा लागत नाही. मापसाहेबांचं जेवण कमी झालं.

आणि मग मेहुणा आला.

बायकोच्या या धाकट्या भावाने आजवर इतके धंदे केले होते की मेहुणा असणं हाच त्याचा मूळ धंदा असावा असं वाटे. त्याने लोहचुंबकाच्या गाद्या विकल्या होत्या. पाण्यात ‘जीव’ आणणारी बाटली विकली होती. आता त्याने स्टेशनरीच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत प्रकाशोपचाराचं केंद्र काढलं होतं. तिथे माणसं डोळ्यांवर चष्मे चढवून रंगीत दिव्यांखाली पडून असत. निळा दिवा मुरुमांवर, तांबडा सुरकुत्यांवर, आणि हनुवटीवरच्या केसांना लेझर.

“आणि पिवळा?” मापसाहेबांनी एकदा विचारलं होतं.

“पिवळा पॅकेजमध्ये येतो,” मेहुणा म्हणाला होता.

त्या दिवशी त्याने पिशवीतून साबणाच्या डबीएवढं एक यंत्र काढून टेबलावर ठेवलं. एका बाजूला बोट घालायचं भोक होतं आणि दुसऱ्या बाजूला कागद बाहेर यायची फट.

“भावोजी, सुईचा जमाना संपला. आत बोट घालायचं. प्रकाश कातडीतून आत जातो, रक्ताला भेटतो आणि बाहेर येऊन सगळं सांगतो. साखर, हिमोग्लोबिन, चरबी, मनावरचा ताण. वर त्वचेचं वयसुद्धा सांगतो. ताई, तू बघच.”

एरवी मापसाहेबांनी त्या यंत्राला घाम फोडला असता. कुणी बनवलं, कुठे पडताळलं, चूक किती धरायची, शिक्का कुठाय, असे प्रश्न ते झोपेतसुद्धा विचारत. भाजीवालीच्या काट्याखाली वाकून बघणारा हा माणूस. पण त्या संध्याकाळी त्यांनी सबंध प्रकाशविज्ञानाला एकच प्रश्न विचारला.

“टोचत नाही ना?”

“छे!”

“मग चांगलं आहे,” मापसाहेब म्हणाले आणि त्यांनी बोट आत घातलं. हिरवा उजेड पडला, तांबडा पडला, यंत्र गोड आवाजात किणकिणलं आणि फटीतून चिठ्ठी आली. सगळं उत्तम होतं. त्वचा तर त्यांच्या खऱ्या वयापेक्षा बरीच तरुण निघाली. मापसाहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

“अहो, पण हे खरं असेल का?” बायकोने विचारलं.

“तुझाच भाऊ आहे ना?”

“म्हणूनच विचारतेय.”

मापसाहेबांच्या घरी यंत्र आलंय म्हटल्यावर इमारतीत वेगळी जाहिरात करायची गरज उरली नाही. माणूस साधा असता तर लोकांनी शंका घेतली असती, पण ज्याच्या घरात गव्हाचं पोतंसुद्धा पुन्हा तोलून आत येतं, त्याच्या टेबलावरचं यंत्र चुकीचं कसं असेल? मेहुण्याने मागे लागून विकलं असतं तरी जेवढा खप झाला नसता, तेवढा मापसाहेबांच्या गप्प बसण्याने झाला.

शिकवणीवाल्या बाईंनी बोट घातलं, तर चिठ्ठीवर आलं, ‘रक्त आढळले नाही.’ बाई तिथेच खुर्चीत बसल्या. मग त्यांनी घरी जाऊन शिकवण्या बंद ठेवल्या आणि उशीला टेकून नवऱ्याला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगितलं. मेहुण्याला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, नखांचा गडद रंग पुसा, उजेड अडतो. रंग पुसल्यावर बाईंचं रक्त परत आलं. याने यंत्राची अब्रू जायला हवी होती, पण उलट वाढली. केवढं बारीक बघतं, असं लोक म्हणू लागले.

पोस्टमास्तर तर रोज सकाळी खाली येऊ लागले. बोट घालायचे, चिठ्ठी वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. “साखर आटोक्यात!” असं दारातूनच जाहीर करून ते वर जात. पुढे त्यांनी स्वतःचंच एक यंत्र मेहुण्याकडून घेतलं. मापसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सुखी माणसाला फारसं वावगं वाटत नाही.

आता आपली चिठ्ठी घेऊन ते सरकारी दवाखान्यात गेले. वैद्यकीय अधिकारी बाई होत्या. त्यांच्या टेबलावर कागद इतके होते की बोलताना त्या अधूनमधून दिसत.

“हे काय आहे?”

“रक्ततपासणी.”

“रक्त कुठे काढलं?”

“काढलंच नाही. तीच तर प्रगती आहे,” मापसाहेब म्हणाले.

बाईंनी चिठ्ठी उजेडात धरली. “आमच्याकडेही बोटाला लावायची चिमटी आहे. ती नाडी सांगते, प्राणवायू सांगते. साखर सांगणारी मी अजून पाहिली नाही. पण समजा, असेल. मग या यंत्रावर पडताळणीचा शिक्का कुठे आहे?”

“कुठला शिक्का?”

“मोजणाऱ्या यंत्राला लागतो तो. वजनमापे खात्याचा.” बाईंनी त्यांच्या अर्जावरचा हुद्दा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे, तुमचाच.”

खात्यातल्या माणसाला त्याच्याच खात्याचा नियम दाखवणं यापरता अपमान नाही. मापसाहेब उठले, “बरोबर आहे, मी तुमची परीक्षा घेत होतो,” असं काहीतरी पुटपुटले आणि चुकीच्या दाराने बाहेर पडायला गेले. ते दार औषधांच्या खोलीचं निघालं. तिथे मोठमोठ्या खोक्यांवर सिरिंजची चित्रं होती. तिथून ते फारच लवकर परत आले.

पण घरी येईस्तोवर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. शिक्काच हवा ना? शिक्का तर आपल्याच कपाटात आहे! मेहुण्याने यंत्र पडताळणीसाठी रीतसर खात्याकडे द्यायचं, खात्याने, म्हणजे आपण, ते तपासायचं आणि खात्याने, म्हणजे पुन्हा आपणच, ते पास करायचं. यात बेकायदा काय आहे? मेहुण्याने आनंदाने अर्ज दिला. मापसाहेबांनी तो स्वतःकडेच पाठवून स्वतःच स्वीकारला.

चाचणीच्या खोलीत पितळेची प्रमाण वजनं मखमलीच्या खाचांत ओळीने बसलेली होती. मापसाहेबांना ती खोली देवघरासारखी. त्यांनी दार लावलं, यंत्र मधल्या टेबलावर ठेवलं आणि आधी स्वतःचं बोट घातलं. सगळं उत्तम. तिथेच शिक्का उचलायचा. हात शिक्क्याकडे गेलाही. पण इतक्या वर्षांची खोड अशी सुटत नाही. एका नगावर काटा पास करायचा नसतो, दुसरा काहीतरी ठेवून बघावंच लागतं. हाताशी होतं काय, तर डब्यातलं गाजर.

गाजराचं हिमोग्लोबिन चांगलं निघालं. साखर आटोक्यात होती. मनावर थोडा ताण होता.

मापसाहेब खुर्चीत बसले. मग उठून त्यांनी मेणबत्ती घातली. मेणबत्तीची चरबी जरा वाढलेली होती, तेवढं तरी मान्य करण्यासारखं होतं. मग खोडरबर घातलं. खोडरबराची त्वचा तर मापसाहेबांहूनही तरुण निघाली. त्याला रात्रीचं जागरण टाळण्याचा सल्ला मिळाला.

याच क्षणी त्यांनी यंत्र जप्त करायला हवं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पण त्यांनी काय केलं, तर गाजर खाऊन टाकलं. पुरावाच म्हणायचा तो. मग खिडकीत उभं राहून ते स्वतःशी बोलू लागले. यंत्राला अजून सुधारणा हव्यात, पण म्हणून ते वाईटच असं नाही... नुकसान कुणाचं झालंय?... लोक खूश आहेत. हे बोलणं कुठेतरी ऐकल्यासारखं त्यांना वाटलं. थोड्या वेळाने आठवलं. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारा प्रत्येक दुकानदार त्यांच्यापुढे हात जोडून हेच बोलत आला होता. ‘साहेब, गिऱ्हाईक खूश आहे ना!’

तेवढ्यात घरून फोन आला.

“अहो, पोस्टमास्तर जिन्यात पडले,” बायको सांगत होती. तिला धाप लागली होती. “रुग्णालयात नेलंय. साखर एवढी वाढलीय की डॉक्टर ओरडत होते. त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या हो! यंत्र बरी सांगतंय म्हणून. वर रोज दोन चमचे साखर घालून चहा.”

मापसाहेब रुग्णालयात पोचले तेव्हा पोस्टमास्तर शुद्धीवर आले होते. हाताला नळी लावलेली होती. त्या नळीच्या टोकाला काय असतं ते ठाऊक असूनही मापसाहेब पलंगाजवळ गेले.

“पाय घसरला,” पोस्टमास्तर हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

“गोळ्या का सोडल्यात?”

“कंटाळलो होतो हो. रोज टोचून घ्यायचं, रोज गोळ्या, चहा म्हणजे नुसतं गढूळ पाणी. आणि मी कुणा भलत्याचं ऐकलं नाही. मेहुण्याचं तर मुळीच नाही. तुमच्या टेबलावर होतं ना ते, म्हणून.” त्यांनी डोळे मिटले. “तुमच्या घरचं माप कमी भरेल असं मनातसुद्धा आलं नाही.”

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मापसाहेबांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, “काय म्हणाले?” तर ते म्हणाले, “काही नाही. पाय घसरला म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई घेऊन मापसाहेब मेहुण्याच्या केंद्रात शिरले. आत एक गृहस्थ डोळ्यांवर चष्मा चढवून निळ्या उजेडात पडलेले होते. जप्तीचा आवाज ऐकून ते “अजून वेळ आहे माझी,” एवढंच म्हणाले आणि पडूनच राहिले.

“भावोजी, घरच्या माणसावर धाड?” मेहुणा म्हणाला. घाबरल्यापेक्षा त्याला गंमतच वाटत होती. “घ्या जप्त करून. पण पंचनाम्यात लिहिणार काय? सगळ्यात आधी बोट तुम्ही घातलंत. चिठ्ठी घेऊन सरकारी डॉक्टरकडे तुम्ही गेलात. वजनमापे खात्याचा निरीक्षक बिनशिक्क्याचं यंत्र वापरतो, ते का? कोर्ट विचारेल ना. तुम्ही खरं सांगणार नाही, भावोजी. मी तुम्हाला ओळखतो. ताईने मला चपलेचं सांगितलंय, तिला खिळा कधीच कळला होता.”

मापसाहेबांनी चालू पंचनामा थांबवला. मग यंत्रं पिशवीत भरून घेतली, पण पंचनाम्यातला ‘यंत्र वापरण्याचे कारण’ हा रकाना कोराच ठेवून ते घरी आले. बायको वाट बघत होती.

“माझ्या भावाची यंत्रं आणलीत?”

“आणली.”

“बरं केलंत. त्याला एकदा बसायलाच हवी होती,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पण त्याला खोटं ठरवायचं आणि आपण मात्र सुई चुकवायची, हे मला चालणार नाही. उद्या सकाळी हात पुढे करायचा. मी येतेय बरोबर.”

“मी काही घाबरत नाही. मला ते...”

“पटत नाही. ठाऊक आहे. न पटता चला.”

प्रयोगशाळेत रक्त काढणारी मुलगी कोवळी, हसरी आणि भयंकर चपळ होती. मापसाहेब खुर्चीत बसले. बाही वर केली. पट्टा आवळला गेला. तिच्या ट्रेकडे बघायचं नाही असं ठरवून ते भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याच्या तपासणीची तारीख वाचू लागले. ती उलटून गेलेली होती. त्याबद्दल तक्रार करावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात हाताला गार काहीतरी लागलं.

डोळे उघडले तेव्हा छत दिसत होतं. बायको रुमालाने वारा घालत होती.

“मी तयार आहे,” मापसाहेब धीरगंभीर आवाजात म्हणाले. “टोचा.”

“झालं काका,” मुलगी म्हणाली. “तुम्ही स्पिरिटच्या कापसालाच पडलात. मग म्हटलं, आलेच आहात खाली, तर घेऊन टाकू.”

कापसाला पडलेला माणूस घरी आला आणि कुणाशी न बोलता टेबलाशी बसला. पंचनामा पुढे ओढला. यंत्र वापरण्याचे कारण, या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. या भीतीमुळे मी यंत्र न तपासता वापरले, आणि माझ्या घरी पाहून इतरांनी वापरले.’ खाली सही केली, हुद्दा लिहिला, खात्याचा शिक्का मारला. शिक्का नीट उठला नाही म्हणून पुन्हा एकदा मारला.

खात्यात कागद लपत नाहीत. जेवणाच्या सुट्टीच्या आत तो पंचनामा सर्वांच्या तोंडी झाला. आलेल्या टपालाची नोंद ठेवणारा कारकून फाइलीला टाचणी लावता लावता म्हणाला, “साहेब, जरा तिकडे बघा हं, टोचतोय.” पंचनामा बाजारातही पोचला. एका वाण्याने त्यांच्यापुढे तराजू ठेवला आणि म्हणाला, “बघा साहेब, काटा आहे, सुई नाही.” मापसाहेबांनी शांतपणे तपासलं आणि त्याचा काटा हलका निघाला म्हणून दंड केला. त्याने थोडं बरं वाटलं, पण थोडंच. पोस्टमास्तर घरी आले, पुन्हा गढूळ पाणी पिऊ लागले. जिन्यात भेटले की मापसाहेब आधी वाट देत आणि मग, न चुकता, ‘गोळी घेतलीत?’ असं विचारत. रक्ताचा अहवालही आला. साखर वाढू लागली होती. सरकारी दवाखान्यातल्या त्याच बाईंनी पथ्य लिहून दिलं, दाखल्यावर सही केली आणि शिक्का मारताना जरा जास्तच जोर लावला, निदान मापसाहेबांना तसं वाटलं.

मग एके दिवशी नियंत्रकसाहेबांनी बोलावलं. नियंत्रक म्हणजे खात्याचे सर्वेसर्वा, भरघोस मिशांचे, कडक आवाजाचे, सैन्यात जायचं थोडक्यात हुकलं असं सांगणारे. टेबलावर पंचनामा उघडा होता. मापसाहेबांनी मनातल्या मनात नव्या खुर्चीचा निरोप घेतला.

“दार लावा,” नियंत्रक म्हणाले.

मापसाहेबांनी दार लावलं आणि ते समोरच्या खुर्चीत बसले.

“हे वाचलं मी. एवढं सगळं लिहायची गरज होती का?”

“हो साहेब.”

“हं.” नियंत्रकांनी पंचनाम्याची घडी केली, उघडली, पुन्हा केली. मिशीवरून हात फिरवला. मग आवाज इतका खाली आणला की मापसाहेबांना पुढे वाकावं लागलं. “ती जप्त केलेली यंत्रं... आपल्याच गोदामात आहेत ना? नाही, म्हणजे, त्यातलं एखादं... पुढच्या आठवड्यात माझीही वार्षिक तपासणी आहे.”

खोलीत फक्त पंखा फिरत होता. नियंत्रकांच्या कपाळावर घाम होता. मापसाहेबांनी त्या घामाकडे पाहिलं आणि अनेक आठवड्यांनी पहिल्यांदाच ते पाठ टेकून बसले.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “सुईलाच डावा हात द्या. आणि कापसाकडे बघू नका.”